नव्व्याण्णव टक्क्यांत आपण कुठे?

परवा नांदेडला आमच्या वाचन मंडळात एका पोराने बर्नी सँडर्सचं भाषण मोबाईलवर लावलं. पोरगा लातूरला नीटच्या क्लासला होता, दुसरा हप्ता भरता आला नाही म्हणून परत आलाय. वडील नव्या मोंढ्यात हमाली करतात. म्हणाला, "दादा, तिकडे एक टक्का विरुद्ध नव्व्याण्णव टक्के अशी लढाई आहे. आपण मात्र जातच धरून बसलोय. गरीब तो गरीब, संपलं."

मी भडकलोच. १९३८ चं मनमाडचं भाषण सुनावलं. रेल्वेतल्या आपल्या कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले होते. एक नव्हे, दोन.

मग अमेरिकेचंच उदाहरण घेतलं. १९३५ ला रूझवेल्टच्या काळात सामाजिक सुरक्षा कायदा झाला, म्हाताऱ्या कामगाराला पेन्शन मिळू लागली. कायद्यात काळा-गोरा हा शब्द कुठेच नाही. फक्त शेतमजूर आणि घरकामगार वगळले. आणि काळे कामगार बहुसंख्येने नेमके याच कामांत होते!

आपल्याकडे २०१९ ची १०३ वी घटनादुरुस्ती बघा. आर्थिक दुर्बलांना १० टक्के आरक्षण, पण एससी, एसटी, ओबीसीतला गरीब त्यातून बाहेर. ७ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ती ३ विरुद्ध २ अशी कायम ठेवली. विरोधातल्या दोघांत सरन्यायाधीश लळीत होते, आणि त्यांचा व न्या. भटांचा आक्षेप याच वगळण्यावर होता. तिथे दुर्बल ठरायला उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. आपल्या पोरांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाख. म्हणजे गरिबी मोजायची पट्टीसुद्धा जातीप्रमाणे बदलते.

मला वाटलं, जिंकलो. पोरगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हे पटलं दादा. पण आपल्यातले नोकरीवाले आणि माझा बाप एकाच वर्गातले का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एम.ए. झालो, पगार आहे, शहरात दोन खोल्या आहेत. माझी चुलत बहीण अहमदपूर तालुक्यातून दर दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन नवऱ्याबरोबर कोयत्याला जाते. तिच्या टोळीवर मी आयुष्यात एकदा गेलोय, तेही फोटो काढायला. भाषणात मात्र ती आणि मी 'आपला समाज'.

दादासाहेब गायकवाडांनी १९६४ ला भूमिहीनांसाठी देशभर सत्याग्रह उभा केला, माणसांनी तुरुंग भरले. आमच्या वॉर्डातल्या बैठकांत गायरानाचा विषय शेवटचा कधी निघाला, मला आठवत नाही. डीजेचा दर वर्षी निघतो.

गेल्या रविवारी जयंतीच्या बैठकीत मी मांडलं, यंदा डीजेचे निम्मे पैसे पोरांच्या फीला द्या. हात वर करून मतदान झालं. बाजूने चार, विरोधात अकरा. विरोधातल्या अकरांपैकी सात जण पगारदार. वर्गणीची पावती फाडायला मला त्या पोराच्याच घरी पाठवलं. त्याच्या आईने पदराच्या गाठीतून शंभराची नोट काढून दिली, आणि मी ती घेतली.