हिशेब वेगळा, साडी वेगळी

कामाच्या बाईला निरोप देताना आपल्याकडे हिशेब फार पटकन उरकतो. जितके दिवस भरले तितके पैसे, वर एक साडी, की झाले. मूल सांभाळणाऱ्या बाईच्या बाबतीत हा हिशेब अपुरा पडतो. धुणीभांडी करणारी चार घरे धरते. एक सुटले तरी तीन उरतात. दिवसभर मूल सांभाळणारीला एकच घर असते. ते सुटले की तिची सगळी मिळकत त्याच दिवशी थांबते.

कोंढव्यात आमच्या घरी हा प्रश्न बदलीच्या हुकमाबरोबर आला. मुलगी बालवाडीत जाईपर्यंत, म्हणजे वर्षभर, तिला सांभाळायचे असे खालांशी बोलणे झाले होते. महिना 15,600 रुपये. आमच्याकडे येण्यासाठी त्यांनी आधीचे घर सोडले होते. आठ महिने झाले आणि नाशिकचा हुकूम हातात पडला. पंधरा दिवसांत हजर व्हायचे होते.

अम्मी म्हणाल्या, "बदली काय आपण मागून घेतली?" खरे होते. पण ती खालांनीही मागितली नव्हती. आमचा पगार नाशिकला चालू राहणार होता, त्यांचा बंद होणार होता.

कायद्यात काही सापडते का, ते पाहिले. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 साली झाला. त्यात नोंदणी आहे, कल्याणाच्या योजना आहेत. काम मध्येच बंद केले तर घरमालकाने किती द्यावे, हे नाही. पुण्यातल्या मोलकरणींनी पगारवाढ आणि रजेसाठी संप केला तो 1980 साली. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी वेगळ्या कायद्याचा विचार करायला समिती नेमा, असे केंद्राला सांगितले. म्हणजे इतक्या वर्षांनंतरही हा निवाडा ज्याच्या त्याच्या घरातच होतो.

आम्ही कागद घेऊन बसलो. चालू महिन्याचा पगार तर द्यायचाच होता. पूर्वसूचना पुरेशी देता आली नाही, म्हणून आणखी एक महिन्याचे 15,600. वर्षाला एक पगार ईदचा बोनस ठरला होता. आठ महिन्यांचे त्यातले 10,400. ठरलेल्या रजांपैकी पाच शिल्लक होत्या. महिन्याचे कामाचे दिवस 26 धरले तर रोज 600, म्हणून 3,000. एकूण 29,000.

खालांनी 5,000 उचल घेतलेली होती. ती सोडून द्यावी, असे आमच्या मनात होते. त्यांनी मानले नाही. म्हणाल्या, "ते माझे देणे आहे, कापून घ्या. साडी दिलीत तर खुशीने घेईन, पण हिशेबात धरू नका."

चालू पगाराशिवाय 24,000 त्यांच्या हातात दिले. नव्या घरी दाखवायला दोन ओळींची चिठ्ठी दिली. साडीही दिली, वेगळी.

हे दान नव्हते. खालांनी वर्षभराचा वेळ आमच्यासाठी राखून ठेवला होता आणि तो आम्ही मध्येच परत केला होता. वेळ असा परत मिळाला म्हणून त्याची लगेच भाकरी होत नाही. नवे घर मिळेपर्यंतचे दिवस कुणीतरी भरून द्यावे लागतात, आणि ज्याच्या सोयीसाठी काम थांबले त्यानेच ते द्यावेत.

मूल पहिल्यांदा सोपवताना दूध, औषध, झोप यांच्या वेळा आपण कागदावर लिहून देतो. काम मध्येच थांबले तर काय द्यायचे, ही एक ओळ त्याच कागदावर त्याच दिवशी लिहावी. तेव्हा दोघांचीही मने मोकळी असतात.