उजळाईवाडी ते रेणिगुंटा

कोल्हापूरकरांच्या दृष्टीनं तिरुपतीची वाट म्हणजे हरिप्रिया एक्स्प्रेस. मिरज, बेळगाव, हुबळी, गुंतकल, कडप्पा करत ती रेणिगुंट्याला पोचते तोवर दुसरा दिवस उजाडलेला असतो. अंबाबाई आणि बालाजीचं नातं आमच्याकडे घरचं मानतात. नवरात्रात तिरुपतीहून देवीला शालू येतो. आईनं तिरुपतीची वारी वर्षानुवर्षं रेल्वेनंच केली. पण गुडघे गेल्यापासून रात्रभराचा प्रवास तिला झेपेना, आणि बालाजीचं नाव काढलं की ती गप्प बसायची. त्याच सुमारास कोल्हापूरहून तिरुपतीला थेट विमान असल्याचं समजलं आणि मी तिकिटं काढली.

रस्त्यानं हे अंतर आठशे किलोमीटरच्या आसपास भरतं. नकाशावर कोल्हापूरचा उजळाईवाडीचा आणि तिरुपतीचा रेणिगुंट्याचा असे दोन विमानतळ सरळ रेषेनं जोडले तर ते साडेसहाशेच्या घरात येतं. आमचं विमान पंख्याचं, एटीआर जातीचं होतं. ते ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जातं, म्हणजे हिशोबानं सव्वा तास पुरायला हवा. तिकिटावर मात्र वेळ जास्त असते, कारण ती विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि पलीकडे जाऊन थांबलं की संपते. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरताना वळसा घेणं, हे सगळं त्यात आलं. आम्ही हवेत दीडेक तास असू.

ही विमानं जेटइतक्या उंचावरून जात नाहीत. त्यामुळे खाली शेतं, रस्ते, तलाव स्पष्ट दिसत होते. मध्येच उजवीकडे पाण्याचा मोठा पसारा दिसला, तुंगभद्रेचा असावा. आई खिडकीला चिकटून बसली होती. पुढं शेषाचलमचे डोंगर दिसले आणि उतरायची सूचना झाली, तेव्हा ती म्हणाली, ‘‘इतक्यात आलं व्हय?’’ रेल्वेत रात्रभर कूस बदलत काढलेले तास माहीत असलेल्या माणसाचा तो प्रश्न होता.

दीड तासात बालाजी भेटतो, असं मात्र कुणी समजू नये. घर ते उजळाईवाडी, तिथं आधी पोचून थांबणं, मग रेणिगुंट्याहून तिरुपती शहर, आणि पुढं तिरुमलाचा घाट. उंबऱ्यापासून डोंगरावर पोचेपर्यंत सहा-सात तास जातातच. तरीही सकाळी निघालेली आई त्याच संध्याकाळी वर होती, आणि दर्शनाच्या रांगेत उभं राहण्याइतकी ताकद तिच्यात शिल्लक होती. हैदराबाद किंवा बंगळूरला विमान बदलून गेलो असतो तर मधल्या थांब्यातच ती थकली असती. विमान केवढं आणि विमानतळ किती चकचकीत, याला वयस्क माणसाच्या लेखी काही मोल नाही. मध्ये कुठं उतरावं लागू नये, हेच मोलाचं.

अशा छोट्या ठिकाणांहून विमानसेवा वाढावी म्हणून आलेल्या ‘उडान’ योजनेतलं पहिलं विमान 27 एप्रिल 2017 रोजी शिमला-दिल्ली मार्गावर उडालं. त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद सेवाही सुरू झाली. छोटी गावं जोडायचा या योजनेचा उद्देश मला फार महत्त्वाचा वाटतो. पण असे मार्ग प्रवासी असतील तरच टिकतात, आणि त्यांचे वार व वेळा वरचेवर बदलतात. म्हणून घरच्या वडीलधाऱ्यांना न्यायचं असेल तर आधी विमानाचा वार पक्का करा, मगच दर्शनाची वेळ घ्या. आणि परतीच्या विमानाआधी एक मुक्काम मोकळा ठेवा.