पॅराशूट उघडलंच नाही तर?

‘श्वास घेता येतो का गं वर?’
‘चष्मा उडून नाही जात?’
‘आणि शू लागली तर?’

दुबईत १३ हजार फुटांवरून उडी मारून आले, त्याला दोन महिने झाले. तेव्हापासून कामासाठी ज्या ज्या ऑफिसात जाते, तिथल्या कँटीनमध्ये माझी पत्रकार परिषद भरते. एरवी प्रश्न विचारायचे पैसे मला मिळतात, इथे सगळं उलटं! ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ २०११ मध्ये येऊन गेला आणि तेव्हापासून स्कायडायव्हिंग निम्म्या पब्लिकच्या विशलिस्टमध्ये जाऊन बसलंय. लडाखच्या खाली आणि सिक्स पॅकच्या वर. पण त्याबद्दलची माहिती? अरे देवा.

तर, श्वास. घेता येतो, मस्त घेता येतो. ताशी १९०-२०० किलोमीटरच्या वेगाने हवा तोंडावर आदळत असते, त्या धक्क्याने काही जण श्वास रोखून धरतात आणि मग खाली येऊन सांगत सुटतात की वर ऑक्सिजनच नव्हता. अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे ऑक्सिजनची भानगड १५ हजार फुटांच्या वर सुरू होते. आपण टँडमवाले, म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या पोटाला बांधलेलं गाठोडं, सहसा त्याच्या खालीच असतो. माझ्या इन्स्ट्रक्टरने एक साधा फंडा दिला होता. दारातून बाहेर पडलीस की किंचाळ. किंचाळलं की श्वास बाहेर जातो, आणि बाहेर गेला की शरीर आपोआप आत घेतं. मी जे काही किंचाळले ते व्हिडिओत ऐकू येत नाही, हे माझं नशीब.

ऐकू न येण्यावरून आठवलं. ‘पॉइण्ट ब्रेक’ (१९९१चा ओरिजिनल) ज्यांनी पाहिलाय त्यांना वाटतं की पडता पडता निवांत गप्पा मारता येतात. त्यात तर किआनू रीव्हज पॅराशूट न घेताच उडी मारतो, हवेत व्हिलनला गाठतो आणि वर डायलॉगबाजी! प्रत्यक्षात कानात नुसता धो धो वारा. माझ्या कानापासून चार इंचांवर असलेला माणूस काय बोलत होता ते मला पॅराशूट उघडल्यावरच कळलं. तो ‘हसा’ म्हणत होता.

सगळ्यात फेमस गैरसमज पोटाचा. ‘पोटात गोळा येत असेल ना, रोलरकोस्टरसारखा?’ मलाही वाटलं होतं. इमॅजिकात मी पहिल्याच राइडनंतर गपचूप बाकावर जाऊन बसणारी बाई आहे. पण इथे गोळा आलाच नाही. कारण अकरावीच्या फिजिक्समधलं आहे. विमान आधीच जोरात पुढे चाललेलं असतं, म्हणजे दारातून निघताना आपल्यालाही तो वेग असतोच. पुढचा वेग कमी होत जातो, खालचा वाढत जातो. दहा-बारा सेकंदांत हवेचा विरोध आणि आपलं वजन यांची बरोबरी होते आणि वेग वाढायचा थांबतो. त्यालाच टर्मिनल व्हेलॉसिटी म्हणतात, जी आपण पाच मार्कांसाठी पाठ केली होती. मग पडल्यासारखं वाटतच नाही. मोठ्ठ्या, प्रचंड आवाज करणाऱ्या गादीवर पालथं पडल्यासारखं वाटतं.

उंचीच्या भीतीचंही असंच. मला आमच्या नवव्या मजल्यावरच्या बाल्कनीत कठड्याला टेकवत नाही. पण तिथे खाली वॉचमन दिसतो, पार्क केलेल्या गाड्या दिसतात, आपण किती वर आहोत ते डोळ्यांना मोजता येतं. १३ हजार फुटांवरून पाम जुमेरा म्हणजे गुगल मॅप! त्याला काय घाबरायचं? घाबरले मी वेगळ्याच गोष्टीला. आमच्या पुढची जोडी दारापाशी होती, आणि पापणी लवेपर्यंत तिथे कुणीच नव्हतं. तो क्षण बेक्कार होता.

आता मेन प्रश्न. पॅराशूट उघडलंच नाही तर?

बॉस, पाठीवर एक नाही, दोन पॅराशूट असतात. मेन बिघडलं तर ते तोडून सोडून द्यायचं आणि रिझर्व्ह उघडायचं. मेन रोज घडी घालून वापरतात. रिझर्व्ह मात्र लायसन्स असलेला रिगरच पॅक करतो आणि सील लावतो. अमेरिकेत तर ते वापरलेलं असो वा नसो, दर १८० दिवसांनी उघडून, तपासून पुन्हा पॅक करावंच लागतं. मग पुढचा प्रश्न येतो, ‘आणि इन्स्ट्रक्टरच बेशुद्ध पडला तर?’ हा प्रश्न विचारणारा नेहमी अकाउण्ट्सचाच असतो, का कोण जाणे. त्यावरही तोडगा आहे. बॅगेत एक छोटं यंत्र असतं, ते सतत हवेचा दाब मोजत राहतं. ठरलेल्या उंचीच्या खाली आल्यावरही वेग पडण्याचाच असेल, तर ते स्वतःच रिझर्व्ह उघडतं. सायप्रेस नावाचं असं जर्मन यंत्र १९९१ पासून वापरात आहे. टँडमसाठी त्याची उंची साधारण १,९०० फूट. शिवाय टँडममध्ये दोघांच्या वजनामुळे वेग भलताच वाढू नये म्हणून बाहेर पडल्या पडल्या एक छोटं पॅराशूट मागे सोडतात, ड्रोग. व्हिडिओत मागे शेपटीसारखं दिसतं ते. ‘तुझं पॅराशूट एवढंसंच होतं?’ हा प्रश्न मला आतापर्यंत चौघांनी विचारलाय.

आकडेच हवेत? अमेरिकेतल्या स्कायडायव्हिंग संघटनेने २०२३ सालासाठी साधारण ३६ लाख ५० हजार उड्या आणि १० मृत्यू नोंदवलेत. दहा म्हणजे शून्य नव्हे, हेही लक्षात ठेवायचं. आणि गंमत म्हणजे (गंमत हा शब्द बरोबर नाही, पण असो) बरेच अपघात चांगलं उघडलेलं पॅराशूट डोक्यावर असताना होतात. अनुभवी लोक छोट्या, फास्ट पॅराशूटने जमिनीजवळ जोरात वळायला जातात, तिथे अंदाज चुकतो. म्हणजे कँटीनमधला सगळ्यांचा लाडका प्रश्न विचारण्यासारखा आहे, पण त्याच्या शेजारी ‘उतरताना काय करतात?’ हाही विचारायला हवा. टँडममध्ये काय करतात? पाय वर उचलून बसल्या बसल्या घसरत येतात. फॅशन शो नाही, बूड घासतं.

हे सगळं मी आईला फोनवर समजावलं होतं. बाबा जाऊन तीन वर्षं झाली, आई साताऱ्यात एकटी असते. तिने श्वासाचं विचारलं नाही, पॅराशूटचंही नाही. ड्रॉपझोनचा फॉर्म आदल्या रात्री ऑनलाइन भरायचा होता. तो वाचून दाखव म्हणाली. इंग्रजीतलं ‘मृत्यू अथवा कायमचं अपंगत्व’ मी मराठी करून वाचलं. थोडा वेळ फोनवर काहीच नाही. मग म्हणाली, ‘काही झालं तर फोन कुणाला करणार ते?’

‘तुला. तुझाच नंबर लिहिलाय.’

‘माझा नको लिहूस. इंग्रजीत काहीतरी सांगतील, आणि मी घरात एकटी असेन. दादाचा लिही. तो येऊन सांगेल मला.’

मी नंबर बदलला. दोन महिन्यांत मला शेकडो प्रश्न विचारले गेलेत, त्यात मला उत्तर सुचलं नाही असा हा एकच. तिने नको म्हटलं नव्हतं. उलट ‘विमा बघ’ म्हणाली, जे तुमच्यापैकी एकानेही विचारलेलं नाही! आपल्याकडच्या बऱ्याच अपघात आणि ट्रॅव्हल पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात, बारीक अक्षरात. निघण्यापूर्वी मी अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट्स कव्हर असलेला प्लॅन शोधून घेतला होता. जाणार असाल तर आधी तो कागद वाचा, गॉगल नंतर.

उरलेलं फटाफट. चष्मा चालतो, वरून मोठा गॉगल देतात. मोबाइल अजिबात नाही. कॅमेरा घेऊन उडी मारायला किमान २०० उड्यांचा अनुभव हवा, असं अमेरिकन संघटना सांगते, आणि तुमची पहिलीच आहे. पॅराशूट उघडल्यावर माणूस झपकन वर जातो, असं व्हिडिओत दिसतं; तो वर जात नाही, शूट करणारा अजून खाली पडत असतो. शू आधी करून घ्या. दारात पाय लटपटले तर ‘नाही’ म्हणता येतं, विमानातून खाली आणतात, पैसे मात्र सहसा परत मिळत नाहीत. वजनाची मर्यादा असते आणि तिथे चारचौघांत काट्यावर उभं करतात. मला उडीपेक्षा त्याचं टेन्शन जास्त होतं.

वयाचं म्हणाल तर थोरले जॉर्ज बुश २०१४ मध्ये नव्वदाव्या वाढदिवसाला टँडम करून आले. आणि ‘साडी नेसून उडी मारता येते का?’ असं हसत हसत विचारणाऱ्या एचआरवाल्या मुलीला सांगते, येते! पुण्याच्या शीतल महाजनने फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडला चक्क नऊवारी नेसून मारली. त्याच बाईने आयुष्यातली पहिली उडी २००४ मध्ये मारली होती ती थेट उत्तर ध्रुवावर. पद्मश्री उगाच नाही मिळाली.

राहता राहिला तो प्रश्न, जो लोक आवाज खाली आणून विचारतात. ‘लाइफ चेंज झाली का गं?’ एक मिनिटाचा फ्री फॉल आणि पाच-सहा मिनिटं लोंबकळणं, त्यात किती चेंज होणार? सहा मिनिटं डोक्यात एकही डेडलाइन नव्हती, हे खरं. दुसऱ्या दिवशी फ्लाइट पकडली, सोमवारी दोन स्टोऱ्या फाइल केल्या. फोटोत माझे गाल कानापर्यंत गेलेत, तो फोटो दादाने फॅमिली ग्रुपवर टाकला. आईने अंगठा पाठवला आणि खाली लिहिलं, ‘केस बांधायचे होते.’