नागापूरचा पिट स्टॉप

ट्रॅक डे म्हटलं की आधी आठवतं इंजिन, मग एक्झॉस्ट, मग स्टिकर. आमच्या जुन्या स्विफ्टची खरी तयारी मात्र झाली नगरच्या एमआयडीसीत, अण्णांच्या देखरेखीखाली!

शुक्रवारी ऑफिस सुटलं की हिंजवडीतले माझे मित्र लोणावळा नाहीतर अलिबाग गाठतात. मी वाघोलीचा ट्रॅफिक सोसत शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर, सुपा करत नगरला जातो. २०२४ पासून नाव अहिल्यानगर झालंय, पण तोंडात अजून 'नगर'च येतं. शहर ओलांडून मनमाड रोडला लागायचं, सीना नदीवरचा पूल मागे टाकला की आलं नागापूर. शिर्डीला जाताना तुम्ही दहा वेळा इथून गेला असाल, पण थांबला नसाल. थांबायचं तरी कशाला? ना किल्ला, ना धबधबा. शिफ्ट सुटल्यावर बाइकची रांग, टपरीवर कटिंग, आणि शटरआडून येणारी लेथची घरघर. माझं बालपण याच आवाजात गेलं. अण्णा इथल्याच एका कंपनीत फिटर होते.

तसं गाड्यांचं आणि नगरचं नातं जुनंच. १९७२ मध्ये आलेली लूना नगरच्या कायनेटिकची. डीआरडीओची वाहन संशोधन संस्था, व्हीआरडीई, तीही इथलीच. तिच्या ट्रॅकवर गाड्यांच्या चाचण्या होतात, पण तो ट्रॅक आपल्यासारख्या हौशी मंडळींसाठी नाही. म्हणून मी पहिल्या ट्रॅक डेसाठी गाडी थेट कोइम्बतूरला नेली. करी मोटर स्पीडवे, सुमारे २.१ किलोमीटरचा ट्रॅक, फॉर्म्युला मारुती घडवणाऱ्या एस. करिवर्धन यांच्या नावाचा.

गाडी कुठली? अण्णांची २००८ ची स्विफ्ट, १.३ पेट्रोल, एमएच-१६ पासिंग. २०२३ मध्ये तिला पंधरा वर्षं झाली, तेव्हा आरटीओत पुन्हा पासिंग करून अण्णांनी ती माझ्या हातात दिली. 'नीट वापर' एवढंच म्हणाले. आणि मी काय तयारी केली? नवा एअर फिल्टर, चकाचक अलॉय, दारावर नंबरचं स्टिकर. झालं!

पहिले चार लॅप स्वर्ग. पाचव्या लॅपला वळणाआधी ब्रेक दाबला आणि पेडल मऊ लागलं. दुसऱ्यांदा दाबलं तर थेट तळाला. गाडी वळण सोडून ट्रॅकबाहेरच्या मातीत जाऊन थांबली. मला ओरखडाही नाही, पण हात अर्धा तास थरथरत होते. तिथेच नवीन पॅड टाकले, सावकाश परत आलो आणि घरी सांगितलं, 'लाँग ड्राइव्हला गेलो होतो.'

पण फिटरला फसवणं सोपं असतं का? पुढच्या शनिवारी चाकाच्या फटीतून अण्णांना डिस्क दिसली.

"हे निळं कशानं झालं रे?"

सगळं सांगितलं. अण्णा ओरडले नाहीत. चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "चाक काढ."

मग दोन दिवस मला ट्युशन. रिझर्व्हॉयरमधलं ब्रेक ऑइल चहासारखं तपकिरी झालेलं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, हे मला चाळिशीकडे झुकताना कळलं! ताजं डॉट ३ साधारण २०५ अंशांना उकळतं, पाणी धरलेलं १४० लाच. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. रोजच्या ट्रॅफिकमध्ये फरक जाणवत नाही. ट्रॅकवर मात्र दर वळणाला ब्रेक तापतात आणि गार व्हायला वेळच मिळत नाही. ऑइल उकळलं की पाइपात वाफ. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. माझं नेमकं हेच झालं होतं.

अण्णांनी जुन्या डब्यातून मायक्रोमीटर काढला. डिस्कची जाडी मोजली, काठावर कोरलेल्या किमान मापाशी ताडून पाहिली. 'फेसिंग मारून घेऊ' म्हणत आम्ही दोन गल्ल्या सोडून लेथवाल्याकडे गेलो. त्याने डिस्क हातात फिरवली आणि परत दिली. "काका, फेस मारल्यावर उरतंय काय? नवीनच टाका." पाचशे रुपयांचं काम मिळत असताना नाही म्हणणारा माणूस! पुण्यात माझ्या एका गॅरेजवाल्याने हीच डिस्क बघून 'अजून वर्षभर चालेल' म्हटलं होतं.

नव्या डिस्क, नवे पॅड, नवं डॉट ४. रविवारी सकाळी हवा काढायचा कार्यक्रम. मी पेडलवर, अण्णा सत्तरीत गाडीखाली. "दाब... धर... सोडू नको!" नळीतून बुडबुडे येत राहिले. ते थांबेपर्यंत चारही चाकं. मग नट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळले. डिकीतलं सामान, मॅट, सीटखालची पाण्याची बाटली, सगळं बाहेर. "ही बाटली पेडलखाली गेली तर?" मी गप्प.

"अण्णा, जाऊ का मग परत?" मी विचारलं.

"व्हीआरडीईत गाडीला सर्टिफिकेट देण्याआधी ब्रेक तपासतात. तू आधी स्टिकर लावलंस." एवढंच बोलून ते आंघोळीला गेले. मी त्याला परवानगी समजलो.

दोन महिन्यांनी पुन्हा करी. या वेळी चार लॅप जोरात, एक लॅप हळू, मग पिटमध्ये. हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये उभी, म्हणजे तापलेला ब्रेक आवळून राहत नाही. दर सेशननंतर टायरचं प्रेशर तपासलं, कारण तापल्यावर ते वाढतं. माझ्यापेक्षा जोरात पळणाऱ्या गाड्या ढिगाने होत्या. पण शेवटच्या सेशनलाही पेडल पहिल्यासारखंच टणक!

संध्याकाळी घरी फोन केला. लॅप टाइम किती, टॉप स्पीड किती, काही नाही. अण्णांनी एकच विचारलं, "पेडल कसं होतं?"

तुम्हीही जाताय?

• ब्रेक ऑइल ट्रॅक डेच्या आधी बदला, उरलेली उघडी बाटली पुढच्या वेळेसाठी ठेवू नका.

• टायरवरच्या चार आकडी कोडवरून वय कळतं. पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष.

• विम्याची पॉलिसी वाचा. रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग त्यात सहसा वगळलेलं असतं.

• आरसीशी न जुळणारे बदल रस्त्यावर चालत नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आठवा.

• नगरला गेलातच तर १९९४ मध्ये सुरू झालेलं रणगाडा संग्रहालय चुकवू नका. रोल्स-रॉईसची चिलखती गाडीही तिथे आहे!