सुताराची झोपडी

वेरूळास जाणारा प्रवासी बहुधा प्रथम कैलासाकडे धांव घेतो, आणि त्यांत त्याचा दोष नाहीं. डोंगराचा अखंड कडा माथ्यापासून पायापर्यंत कोरीत आणून त्याचें देऊळ केलेलें पाहिलें म्हणजे मन असें दिपून जातें कीं, उरलेलीं ३३ लेणीं पाहण्यास ना पाय राजी असतात ना डोळे. आमचेंही पहिल्या दिवशीं तसेंच झालें.

बरोबर माझा पुतण्या होता. तो चित्रकलेचा विद्यार्थी. त्याचा हात गोड आहे. परंतु ‘चित्रें देखणीं आहेत, पण तीं जमिनीवर उभीं नाहींत,’ असा शेरा गुरुजींनीं नुकताच दिल्यामुळें स्वारी खट्टू होती. घरींही त्या दिवसांत आमचा जुना वाडा उतरविण्याचीं बोलणीं चाललीं होतीं. चौघां भावांचीं चार मतें. तीं रोज ऐकण्यापेक्षां चार दिवस बाहेर पडलेलें बरें, असें म्हणून आम्ही काका-पुतणे निघालों होतों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही दहाव्या लेण्यांत गेलों. वेरूळच्या १२ बौद्ध लेण्यांत चैत्यगृह असें हें एकच. सातव्या शतकाच्या सुमारास तें खोदलें गेलें. उन्हांतून आंत शिरतांना प्रथम कांहींच दिसत नाहीं. मग हळूहळू दोहों बाजूंचे अष्टकोनी खांब डोळ्यांपुढें उभे राहतात. ते एकंदर २८ आहेत. टोंकाशीं सुमारें २७ फूट उंचीचा स्तूप, आणि त्याच्यापुढें पाय खालीं सोडून बसलेली बुद्धाची भव्य मूर्ति. वर पाहावें तों छपराला कमानीसारखे वांकविलेले वासे, एकामागून एक, पार स्तूपापर्यंत गेलेले. सारें काम दगडाचें, पण पाहणाऱ्यास वाटावें कीं नुकतेंच कोणी रंधा मारून गेलें आहे. म्हणूनच लोक या लेण्याला ‘सुताराची झोपडी’ म्हणतात.

सुतार मंडळी येथें येऊन या मूर्तीची विश्वकर्मा म्हणून पूजा करीत. उपदेश करतांना बुद्धानें हातांचीं बोटें जुळविलीं आहेत. तीं पाहून, काम करतांना विश्वकर्म्याचें बोट कापलें व तें धरून तो बसला आहे, अशी कथाही रूढ झाली. विद्वानांस ती ऐकून हंसूं येईल. मला मात्र ती फार आवडली. ज्याचें स्वतःचें बोट कधीं पटाशीनें कापलें आहे, त्यालाच देवाचें कापलेलें बोट दिसावयाचें!

पुतण्या बराच वेळ मान वर करून उभा होता. एकाएकीं म्हणाला, “काका, हे वासे कशाला? दगडाला वासे लागत नाहींत.”

प्रश्न बिनतोड होता. डोंगर आपलें ओझें आपणच पेलतो. हे सगळे वासे तासून टाकले तरी छप्पर तसूभरही हलणार नाहीं. उलट, ते राखण्यासाठीं पाथरवटाला मधला दगड जपून काढावा लागला, म्हणजे श्रम वाढले. मग हा खटाटोप कशासाठीं?

याचें उत्तर वेरूळास नव्हतें. तें शोधण्यासाठीं पुण्यास परतल्यावर आम्ही लोणावळ्यानजीकचीं भाजें व कार्लें येथील लेणीं पाहावयास गेलों. भाज्याचें चैत्यगृह ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांतलें. तेथील खांब ताठ नाहींत, आंतल्या बाजूस कललेले आहेत. लाकडी इमारतींत छपराचा भार खांबांना बाहेर ढकलूं पाहतो. म्हणून सुतार ते आंत कलते रोवीत असे. पाथरवटानें तोच कल दगडांत उतरविला. कार्ल्याच्या चैत्यांत तर छपराचे वासे खरोखरीच लाकडाचे आहेत, आणि स्तूपावरील छत्रीही लाकडाची. तेथून सुमारें ६०० वर्षांनीं वेरूळच्या कारागिरानें लाकूड अजिबात सोडलें. पण वासे सोडले नाहींत. आधीं जी गरज होती तिची पुढें रीत झाली, आणि रीतीची शोभा झाली. जी शोभा आपल्याला मोहिनी घालते, तिच्या पोटांत कोणे एके काळचें ओझें आहे.

कार्ल्याच्या दर्शनी भागावर दारापाशीं एक लहानसा ब्राह्मी लेख आहे. धेनुकाकट येथील सामी नांवाच्या, वेणुवासाच्या मुलानें हें दार केलें, असा त्याचा आशय. आपल्या नांवाबरोबर त्यानें आपला धंदाही सांगितला आहे: सुतार.

चित्रकारांनीं या लेण्यांकडे वळावें हेंही आजचें नाहीं. १७९० नंतरच्या वर्षांत पुण्याच्या गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट यानें वेरूळ व कार्लें येथें जाऊन पेशव्यांच्या दरबारींचा इंग्रज वकील मॅलेट याच्यासाठीं चित्रें काढलीं. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराजवळ तो काम शिकला. त्याचीं चित्रें आज अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या संग्रहांत आहेत. ज्याच्या नांवांतच तांबटकी आहे त्यानें पाथरवटाचें काम कागदावर उतरवावें, आणि त्या पाथरवटानें त्यापूर्वीं सुताराचें काम दगडांत उतरविलेलें असावें, ही परंपरा माझ्या मनांत घर करून राहिली.

घरीं आलों तों वाडा उतरविण्याचें कायम झालें होतें. पुतण्यानें विचारलें, “हा वाडा कोणत्या सुतारानें बांधला?” घरांत कोणालाच सांगतां येईना. जुनीं दप्तरें काढलीं. सागाची किंमत सांपडली, चुन्याचा खर्च सांपडला, वास्तुशांतीच्या पानांची संख्यासुद्धां सांपडली. सुतारांविषयीं एवढेंच होतें: ‘सुतार, असामी ४.’ चार पिढ्या आम्ही ज्यांच्या तुळयांखालीं निजलों, त्यांचीं नांवें आमच्या शिकल्यासवरल्या घरानें लिहून ठेवलीं नव्हतीं. सगळ्यांनींच माना खालीं घातल्या.

लाकूड उतरविण्यास एक वृद्ध सुतार आले. पुतण्या रोज वही घेऊन त्यांच्यापाशीं बसे आणि सुटणारा प्रत्येक सांधा काढी. पहिल्या दिवशीं त्यांनीं चित्र हातांत घेऊन पाहिलें व म्हणाले, “दादासाहेब, रेघ झकास आहे. पण ही कूस एवढी बारीक काढलीत तर तुळई खालीं येईल.” गुरुजींचा शेराच तो, निराळ्या शब्दांत! पुतण्यानें पान उलटलें व त्यांना विचारून पुन्हां काढलें. कूस खोबणींत किती जावी, भार कोठें पडतो, हस्त रुंद कां, हें सारें त्यांनीं त्याला लाकूड हातांत देऊन दाखविलें. पुढें पुढें तो खांब काढी तेव्हां त्यावरचें ओझेंही दिसूं लागलें.

वाडा गेला. तो राखावयास हवा होता, असें मला आज वाटतें. परंतु चौघांच्या संसारांचें गणित निराळें होतें. राहिली ती एक वही. तिच्या पहिल्या पानावर पुतण्यानें त्या सुतारबोवांचें पूर्ण नांव, गांव आणि धंदा त्यांच्याच हातून लिहवून घेतला आहे. वाचकांपैकीं कोणाच्या घरीं अशीं बोलणीं चाललीं असतील, तर वाडा राहो वा जावो, घरांतल्या चित्रें काढणाऱ्या मुलाला एकदां सुताराशेजारीं बसवावें, एवढीच विनंती.