स्वेतलाना: नाव नवे, धातू जुना

नावांविषयीच्या या धाग्यात आज एका मुलीचे नाव घेऊ, आणि तेही रशियन. निमित्त घरचेच आहे. माझ्या आत्याचा जन्म वाशीमचा, १९६७ च्या चैत्रातला. त्याच वर्षी मार्चमध्ये स्टालिनची कन्या स्वेतलाना दिल्लीतील अमेरिकी वकिलातीत आश्रयासाठी गेली होती. आपले सहचर ब्रजेश सिंह यांच्या अस्थी घेऊन ती आदल्या डिसेंबरात भारतात आली होती. वृत्तपत्रांत वाचलेले ते नाव आजोबांच्या मनात भरले. बारशाला त्यांच्या बहिणीने पाळण्यावर वाकून तेच बाळाच्या कानात सांगितले.

शाळेत मात्र दाखल-खारीज रजिस्टरात गुरुजींनी ते ‘सुधारून’ श्वेता केले. आत्याचे सारे दाखले त्याच नावाचे. अलीकडे कुणीतरी तिला ऐकवले की रशियन भाषा संस्कृतातूनच निघाली आणि स्वेतलाना हा श्वेताचा अपभ्रंश आहे. तिने मला विचारले, “म्हणजे बापानं ठेवलेलं नाव चुकीचंच होतं का रे?”

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर दोन वेगळ्या काळांत विखुरलेले आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, हे नाव ऐकायला प्राचीन वाटले तरी ते कवींनी घडवलेले आहे. अलेक्सांद्र वोस्तोकोव याने १८०२ मध्ये लिहिलेल्या एका काव्यात स्वेतलाना आणि म्स्तिस्लाव अशी जोडी आली. म्स्तिस्लाव हे जुन्या राजकुळांतले खरे नाव. त्याच्या शेजारी बसवलेली स्वेतलाना मात्र नवी. ‘स्वेतली’ म्हणजे उजळ, तेजस्वी. त्याला प्रत्यय जोडून जुन्या स्लाव वळणाचे नाव तयार केले गेले. गंमत अशी की या कवीचे मूळ आडनाव जर्मन होते, ओस्टेनेक. त्यातील ‘ओस्ट’ म्हणजे पूर्व, आणि रशियन भाषेत पूर्वेला म्हणतात ‘वोस्तोक’. स्वतःच्या नावाचेच भाषांतर करून घेणारा हा गृहस्थ पुढे स्लाव भाषांचा मोठा अभ्यासक झाला.

नाव घरोघरी पोचवले ते वासिली झुकोव्स्कीच्या १८१३ मधील कथाकाव्याने. तरीही मुलींना ते सर्रास ठेवता येईना. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बाप्तिस्म्याचे नाव संतांच्या पंचांगातून घेत, आणि स्वेतलाना नावाची संत त्यात नव्हती. अशा वेळी तोच अर्थ असलेले ग्रीक नाव, फोतिना, पुढे येई. युद्धनौकांना अशी अडचण नव्हती. ‘स्वेतलाना’ नावाच्या नौकेवरूनच व्लादिवोस्तोकच्या मुख्य रस्त्याला स्वेतलान्स्काया हे नाव पडले. १९१७ च्या क्रांतीनंतर जन्मनोंद चर्चच्या हातून गेली आणि मगच या नावाचा खरा प्रसार झाला. स्टालिनची मुलगी १९२६ ची.

आता धातूकडे वळू. रशियन ‘स्वेत’ आणि संस्कृत ‘श्वेत’ यांचे नाते खरे आहे, पण ते मायलेकींचे नव्हे, बहिणींचे. दोन्ही शब्द आद्य भारत-युरोपीय भाषेतील एकाच मुळापासून आले. त्या मुळातील ध्वनी संस्कृतात ‘श’ झाला, स्लाव भाषांत ‘स’. म्हणून आपले ‘शत’ रशियनमध्ये ‘स्तो’ आणि आपले ‘दश’ तिकडे ‘देस्यात्’. हा बदल नियमाने होतो; त्यात उच्चाराचा आळस नाही की अपभ्रंश नाही. फारसीतून आपल्याकडे आलेला ‘सफेद’ हाही याच कुळातला. गुरुजींनी सुधारलेला ‘स’ स्लाव भाषांच्या नियमाने अगदी शुद्ध होता.

अर्थ मात्र दोन वाटांनी गेला. आपल्याकडे श्वेत म्हणजे पांढरे. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथामुळे वाशीम जिल्ह्यात श्वेतांबर हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. रशियनमध्ये ‘स्वेत’ म्हणजे प्रकाश, आणि जगसुद्धा! हे विचित्र वाटत असेल तर आपला ‘लोक’ आठवावा. ‘आलोक’ म्हणजे प्रकाश आणि ‘त्रिलोक’ म्हणजे तिन्ही जगे. ‘लोक’ या शब्दाचे मूळही उजेडाशीच जोडले जाते.

आत्याला मी सांगितले की तिची दोन्ही नावे आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त एक दुसऱ्याची दुरुस्ती नाही. तिला अधिक आवडली ती फोतिनाची हकिकत. ग्रीक ‘फोस’, म्हणजे प्रकाश, आणि संस्कृत ‘भा’ यांचेही मूळ एकच. ‘प्रभा’ त्यातूनच आली. वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दुसऱ्या, नंदिवर्धनच्या शाखेत, द्वितीय चंद्रगुप्ताची मुलगी राणी होऊन आली होती आणि पतीच्या निधनानंतर लहान मुलाच्या नावे तिने राज्य सांभाळले. तिचे नाव प्रभावती.