हॉर्निमन सर्कलपर्यंत

विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर, कल्याण ते सीएसएमटी ५४, पनवेल ते सीएसएमटी ४९. आमच्या स्केचिंगच्या ऑनलाइन गटातली माणसं या तिन्ही मार्गांवर विखुरलेली आहेत. रोज एकमेकांची चित्रं बघणारी, कागदाच्या जाडीवरून रात्री उशिरापर्यंत बोलणारी, पण समोरासमोर कधीही न भेटलेली. जानेवारीतल्या एका रविवारी सगळ्यांनी एकत्र बसून चित्रं काढायची असं ठरलं आणि जागा बघून यायचं काम तिघांकडे आलं. डोंबिवलीची मी, पनवेलचे निवृत्त चित्रकला शिक्षक, ज्यांना सगळा गट ‘सर’ म्हणतो, आणि कॉलेजात शिकणारी वसईची मुलगी. निघालोही रविवारीच. मुंबईचा रविवार इतर सहा दिवसांसारखा नसतो, आणि भेट रविवारीच व्हायची होती.

पहिली पसंती साहजिकच दादरला. पश्चिम आणि मध्य रेल्वे तिथे भेटतात, आणि शिवाजी पार्क तर हाकेच्या अंतरावर. १९२५ साली खुलं झालेलं हे मैदान सकाळी बघावं. एकाच वेळी कितीतरी क्रिकेटचे सामने, एकाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या खेळपट्टीजवळ उभा, आणि कडेच्या कट्ट्यावर फेरी संपवून बसलेली ज्येष्ठ मंडळी. हलती माणसं रेखाटायला याहून चांगली शाळा नाही. पण हार्बरची गाडी दादरला येत नाही. सरांना कुर्ल्याला उतरून, पूल चढून-उतरून दुसरी लोकल पकडावी लागली होती, आणि त्यांचा गुडघा दुखरा आहे. ते काही बोलले नाहीत. कट्ट्यावर बसल्यावर हात मात्र गुडघ्यावरच होता. पनवेल, खारघर, नेरूळ मिळून गटातली बरीच माणसं त्याच वाटेने येणार होती.

दादरहून स्लो गाडीने भायखळा. या स्थानकातून १८५३ साली बोरीबंदर-ठाणे अशी पहिली गाडी गेली. जुन्या इमारतीचं अलीकडे इतकं निगुतीने जतन झालं की २०२२ साली युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कार तिला मिळाला. फलाटावरच वसईकरणीने वही उघडली; तिला ओढूनच बाहेर काढावं लागलं.

स्थानकाजवळच राणीची बाग. तिथून पाय सोडवत नाही. गोरखचिंचेच्या फुगीर खोडापुढे सर कितीतरी वेळ उभे राहिले. सालीवरच्या वळ्या कुठून वळतात, उजेड कुठे अडतो, हे बोटाने हवेत काढून दाखवत होते. फोर्टातल्या काळा घोडा भागाच्या नावाला कारण ठरलेला मूळ पुतळाही इथेच आहे. घोड्यावर बसलेला सातवा एडवर्ड १९६५ साली तिथून हलवून या आवारात आणला गेला. शेजारी १८७२ साली खुलं झालेलं संग्रहालय आहे, जे आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखलं जातं. चित्र काढणाऱ्याला एका आवारात एवढं क्वचितच मिळतं. तरीही नाही म्हणावं लागलं. रविवारी पेंग्विन बघायला आलेल्या कुटुंबांनी वाटा भरून जातात. सरांनी स्टूल उघडून पेन्सिल लावली मात्र, पाच मिनिटांत मागे मुलांचा घोळका जमला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट अडली. वीस-पंचवीस जण तिथे निवांत बसणं शक्यच नव्हतं.

परत स्थानकात आलो तर मेगाब्लॉक सुरू झालेला. मध्य रेल्वेच्या मुख्य आणि हार्बर मार्गांवर बहुतेक रविवारी साधारण अकरा ते चार या वेळात रुळांची, ओव्हरहेड वायरची कामं निघतात. गाड्या उशिरा धावतात, काही रद्द होतात. इंडिकेटरकडे बघत असतानाच जागेइतकीच वेळेचीही निवड करायची आहे हे लक्षात आलं. ब्लॉकच्या आधी यायचं आणि ब्लॉक संपल्यावर निघायचं. म्हणजे मधले चार-पाच तास अंग टेकता येईल, ऊन वाढलं तर सरकता येईल अशी जागा हवी.

ती फोर्टात सापडली. सीएसएमटीला मध्य आणि हार्बर दोन्ही येतात. तिथून हुतात्मा चौकावरून हॉर्निमन सर्कल चालत पंधरा मिनिटं. चर्चगेटहून वीर नरिमन रोड सरळ तिथेच येतो, चालायला जवळपास तेवढाच वेळ. एकही पूल नाही, एकदाही गाडी बदलायची नाही. समोर १८३३ साली पूर्ण झालेला टाउन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय: दगडी पायऱ्यांची उंच रांग आणि वर डोरिक खांब. मधोमध बाग, आणि बागेला वेढणाऱ्या अर्धगोल इमारतींच्या तळाशी कमानींचा सलग व्हरांडा. आठवडाभर गजबजलेला हा भाग रविवारी रिकामा असतो. खांबांच्या सावल्या फरशीवर तिरक्या पडल्या होत्या. मुलगी खाली मांडी घालून बसली, जलरंगाची डबी उघडली आणि निळ्यात थोडा मातकट रंग मिसळून सावलीपासूनच सुरुवात केली. कोणी हटकलं नाही. बाग बंद असली, अवकाळी सर आली, तरी या कमानींखाली बसता येईल.

उघड्यावर माणसं जमण्याची या जागेला सवयही जुनी आहे. १८५०च्या दशकात मुंबईतले शेअर दलाल टाउन हॉलसमोरच्या वडांखालीच व्यवहार करायला जमत. त्यांच्या रीतसर संघटनेची स्थापना पुढे १८७५ साली झाली.

अडचण आहे ती जेवणाची. कचेऱ्यांवर चालणारी इथली बरीच उपाहारगृहं रविवारी बंद असतात. पूर्वी जहांगीर कलादालनातलं समोवार होतं. १९६४ पासून कितीतरी चित्रकारांनी तिथे तासन्‌तास गप्पा मारल्या, पण २०१५ साली तेही बंद झालं. त्याची जागा भरून निघाली नाही, असं मला मनापासून वाटतं. जहांगीर मात्र आहे, चालत जाण्याजोगं. दुपारचं ऊन चढलं की प्रदर्शन बघायला तिकडे जायचं. डबे घरूनच आणायचे. स्वच्छतागृह सीएसएमटीवर उतरल्या उतरल्या गाठायचं, कारण सर्कलच्या आसपास खात्रीचं काही दिसलं नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी पायऱ्या चढायच्याच नाहीत. टाउन हॉल तसाही समोरच्या फुटपाथवरून पूर्ण दिसतो.

सरांनी तिथूनच गटाला कळवलं: सकाळी नऊ, टाउन हॉलची खालची पायरी, घडीचं स्टूल, डबा, पाण्याच्या दोन बाटल्या, एक पिण्याची आणि एक रंगांची. पहिलं उत्तर कसाऱ्याहून आलं. नऊला पोचायचं तर घरातून पहाटे निघावं लागेल आणि सोबत लहान मुलगी आहे, असं त्या बाईंनी लिहिलं होतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि वेळ साडेनऊची केली.